दुधाच्या डब्याचं इंजिन

नथूचा हात गेला, असं सगळी वाडी म्हणत होती. पण हात जागच्या जागी होता, आणि घोटाळा तिथंच होता. मनगटापासून तुटून पडला असता तर चार लोकांना दाखवायला तरी सोपं गेलं असतं. हा मेला खांद्याला तसाच लोंबत राहिला. लांबून बघणाऱ्याला वाटावं, धडधाकट गडी आहे, कामाला जायचं सोडून ओट्यावर काय बसलाय.

नथू लोणावळ्याला रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये आगवाला होता. घाटात गाडीला मागून रेटा देणारी जी दांडगी इंजिनं असतात, त्यांच्या पोटात फावड्यानं कोळसा लोटायचा, ही त्याची नोकरी. वैशाखात खंडाळ्याच्या चढाला इंजिनातली पाण्याची पातळी दाखवणारी काच फुटली आणि वाफेचा फवारा थेट त्याच्या उजव्या हातावर आला. दोन महिने दवाखान्यात गेले. कातडं भरून आलं, पण भरता भरता त्यानं बोटंही ओढून घेतली. चार बोटं तळव्याकडे वळून एकमेकांना चिकटली, अंगठा तेवढा हलायचा. त्या वळलेल्या मुठीत काठी खुपसली तर राही, पण कुणी जरा ओढली की सुटून जाई.

घरची शेती म्हणाल, तर ती धरणाच्या पाण्याखाली जाऊन दहा वर्षं झाली होती. थोरला भाऊ कोंडाजी दुसऱ्याच्या खाचरात राबायचा. घर त्याचं. नथू आणि त्याची बायको झुंबर मागच्या पडवीत राहत. पडवीला कुडाची भिंत, कुडातून पाऊस आत, आणि चूल एकच, तीही कोंडाजीच्या बायकोची. शालूबाई वाईट नव्हती हो, पण पाच तोंडं भरणारी बाई, तिचा जीव तरी किती पुरणार! भाकरी वाढताना म्हणायची, "खा गं बाई. पाचाचं सातात वाटायचं. आमाला सवय झाली." झुंबर घास पाण्याबरोबर ढकलायची.

एकच आशा होती. हात निकामी झालेल्या माणसाला रेल्वे कधीमधी फाटकावर घ्यायची. वडगावच्या अलीकडे एक फाटक होतं, तिथला म्हातारा दिवाळीनंतर घरी बसणार होता. फाटकाला लागून दगडी खोली, वर कौलं, पुढं रामफळाचं झाड. इंदुरीला माहेरी जाताना झुंबर मुद्दाम वाट वाकडी करून ती खोली बघून आली होती. एकदा नव्हे, दोनदा. चूल कुठं मांडायची, पाण्याचा हंडा कुठं ठेवायचा, सगळं तिनं ठरवून टाकलं होतं. फाटक उघडायला आणि झेंडी दाखवायला डावा हात पुरे. फक्त शेडच्या गोऱ्या साहेबानं आणि डॉक्टरनं हात बघून 'निकामी' असं लिहून द्यायला हवं होतं. ती तपासणी अश्विनात होती.

तोवर बसून राहायचं. आणि बसणं नथूला जमेना. श्रावणात तर त्याला वेड लागायची पाळी आली. विनाकारण खेकसायचा, मग तोंड फिरवून झोपायचा. झुंबर रानातून मोळ्या आणून लोणावळ्याच्या बंगल्यांवर घाली. बंगल्यांच्या मागं खानसामे रिकामे डबे फेकून देत, दुधाचे, बिस्किटांचे, शिगरेटचे. त्यातला धड बघून एखादा ती आणायची. एक दिवस नथूनं असाच दुधाचा डबा हातात घेऊन आडवा धरला आणि कितीतरी वेळ बघत राहिला.

"बायलर," तो म्हणाला.

"काय?"

"इंजनाचा बायलर हाय ह्यो. हुबेहूब."

"आन मी मिरच्या कशात ठिवू?"

नथू हसला. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा हसला. मिरच्या चुलीत गेल्या तरी चालतील, असं झुंबरला त्या घडीला वाटलं.

वाडीतल्या लोहाराकडून त्यानं एक जुनी पत्रा कापायची कातर मिळवली. डबा मांडीखाली दाबला, डाव्या हातानं कातर चालवायला लागला. कातर उजव्या हाताची, ती डाव्यात कशी चालावी? पत्रा वळला, कातर निसटली आणि गुडघ्यावर बोटभर चीर पडली. त्यानं डबा अंगणात भिरकावला. भिरकावला तोही डाव्या हातानं, म्हणून तो लांबसुद्धा गेला नाही, पायरीशीच पडला.

झुंबरनं गुडघ्याला हळद भरली. मग चिखलातला डबा उचलून आणला, धुतला आणि कातर घेऊन समोर बसली.

"सांगा. कुटं कापू?"

"तुला काय जमतंय?"

"पत्रावळी लावताना पानं कोन कापतं? तुमी?"

झुंबरच्या हाताला पत्रावळींची सवय होती. लहानपणापासून पळसाची पानं बांबूच्या काडीनं टाचत आलेली. पान फाटू न देता काडी कुठं खुपसायची, वळण कुठं द्यायचं, हे बोटांना ठाऊक होतं. पत्रा पानापेक्षा कठीण, एवढाच फरक. पहिल्या दिवशी दोन बोटं कापली. तिसऱ्या दिवशी कातर तिच्या हातात बसली.

नथू सांगायचा आणि ती करायची. दोन दुधाचे डबे जोडून बायलर. पुढं शिगरेटचा डबा, तो धुराडं बसवायला. आगवाल्याची खोली घासलेटच्या डब्याच्या पत्र्याची. बुटाच्या पॉलिशच्या डब्यांची झाकणं म्हणजे चाकं. चाकांचे कणे आणि दांडे मोडक्या छत्रीच्या काड्यांचे. जोडायला डाख द्यायचा. तांब्याची दांडी चुलीत लाल करायची, नवसागरावर घासायची आणि कथील सांध्यात सोडायचं. नवसागराचा धूर डोळ्यांत जाई, शालूबाई ओरडे, "आगं, माज्या भाकरीला वास मारतोय!" रिवेटांसाठी, म्हणजे बायलरवर दिसणाऱ्या खिळ्यांच्या गोल डोक्यांसाठी, नथूनं युक्ती काढली. पत्रा मऊ लाकडावर पालथा धरायचा आणि आतून बोथट खिळ्यानं हलके टोचे मारायचे, बाहेर मोहरीएवढ्या टिकल्या उठतात.

"तितं तीन वळी हैत रिवेटाच्या. तू दोनच मारल्या," नथू म्हणायचा.

"कोन मोजायला बसलंय?"

"म्या मोजल्यात. आट वरसं रोज बगितल्यात. मार."

आणि ती मारायची. खरं सांगायचं तर ते दीड-दोन महिने झुंबरच्या आयुष्यातले बरे दिवस होते. मोळी टाकून आली की ती पत्रा घेऊन बसे. नथूला घाटातलं एकेक वळण आठवे, तो बोलत राही. इंजिन पुरं झालं की तो जमिनीवर ढकलून बघायचा. छत्रीच्या काड्या चाकांबरोबर मागं-पुढं व्हायच्या आणि नथूचा जीव हरकून जायचा.

लोक बघायला येत. "नथूनं काय इंजन केलंय!" म्हणत. पहिल्यांदा कुणीतरी असं म्हणालं तेव्हा झुंबर आत पीठ मळत होती. नथूनं दाराकडं बघितलं. तिनं मान खाली घातली आणि मळत राहिली. म्हणू देत. माणूस चार महिन्यांनी चौघांत ताठ बसलाय, त्याचं काय काढून घ्यायचं? तिच्या बोटांवर डाखाचे काळे डाग होते आणि कापल्याच्या रेघा होत्या, पण बाईच्या हाताकडं कोण बघतंय. मग तेच चालू झालं. शेडमधला त्याचा जोडीदार भिमाजी आला, तोही एक इंजिन घेऊन गेला आणि शेडभर दाखवत फिरला. शेडमध्ये सगळ्यांच्या तोंडी झालं, नथूचं इंजिन.

भाद्रपद सरता सरता शेडचे कारकून गंगाधरपंत घोड्यावरून वाडीवर आले. भला माणूस. नथूचे कागद तेच पुढं सरकवत होते.

"नथू, येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी तपासणी आहे. हात डॉक्टर बघतील, त्याची काळजी नको. पण साहेबासमोर रिकाम्या हातानं उभा राहू नकोस."

"आंबेमोहोर नेतो की रावसाहेब, पायलीभर. कोंबडं बी..."

"तांदूळ न् कोंबडी सगळेच आणतात. त्यातलं साहेबाच्या लक्षात काय राहतं? त्याला इंजिनांचा नाद आहे. तू करतोस ना, तसलं एक मोठं कर. झोकदार. मात्र काम झाल्यावर द्यायचं हो, आधी नाही. आधी दिलं तर ती लाच दिसते."

आता बघा. गंगाधरपंत इंग्रजी शिकलेला माणूस. नथू आठ वर्षांचा नोकरदार. झुंबरही काही खुळी नव्हती. पण साहेबाकडं जायचं म्हणजे काहीतरी घेऊन जायचं, हे तिघांच्याही अंगात इतकं मुरलेलं की त्यापुढचा विचार कुणाच्याच डोक्यात आला नाही. उलट झुंबर तर खूश झाली. साहेबाला आपलं इंजिन आवडलं की फाटक पक्कं!

तेरा दिवस ती खपली. मोळ्यासुद्धा सोडल्या. शालूबाई म्हणाली, "आता काय पत्रा खानार का?" झुंबरनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नथूचंच घाटातलं इंजिन करायचं होतं, हातभर लांब. बिस्किटाचा मोठा डबा, चार दुधाचे, झाकणं सगळी एका मापाची. रिवेटा दीड हजारांवर गेल्या, नथू मोजत होता. काजळी आणि जवसाचं तेल खलून काळा रंग दिला. शेवटी बाजूच्या पट्टीवर नंबर काढायचा होता. झुंबरला अक्षर येत नव्हतं. नथूनं राखेत आकडे गिरवून दाखवले आणि तिनं खिळ्यानं टोचून उठवले. इंजिन पुरं झालं तेव्हा दोघंही बसून बघत राहिली.

"अगदी तेच," नथू म्हणाला. मग चाक बोटानं फिरवत, "लय ग्वाड केलंस."

सोमवारी उजाडता उजाडता दोघं निघाली. इंजिन टोपलीत, वर धुवट लुगड्याचा तुकडा. टोपली झुंबरच्या डोक्यावर. शेडच्या कचेरीबाहेर वळचणीला बरेच आगवाले आणि खलाशी उभे होते, भिमाजीही होता. झुंबर दाराच्या आडोशाला थांबली. आतलं सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

डॉक्टरनं हात धरून बोटं सरळ करून बघितली. नथू कळवळला. डॉक्टरनं त्याच्या मुठीत फावड्याचा दांडा दिला आणि ओढला. सुटला. पुन्हा दिला, पुन्हा सुटला. डॉक्टर इंग्रजीत काहीतरी बोलला. साहेबानं मान हलवली आणि दौतीत टाक बुडवला. गंगाधरपंतांनी दाराकडं बघून हळूच डोळे मिटून उघडले. झालं, असं त्यांचं म्हणणं होतं.

झुंबरनं टोपली पुढं केली. नथूनं डाव्या हातानं आणि उजव्या कोपरानं इंजिन उचललं, आत नेलं आणि टेबलावर ठेवून सलाम केला.

साहेबाचा टाक हातातच राहिला. त्यानं वाकून बघितलं, मग टाक ठेवून दोन्ही हातांनी इंजिन उचललं, चाकं फिरवली, दांडे हलले. रिवेटांवरून बोट फिरवलं, नंबर वाचला आणि मोठ्यानं हसला. डॉक्टरला दाखवलं. लेकराच्या वर खुशी झाली होती त्याला.

"किसने बनाया?"

नथू उभा होता. दाराबाहेरचे सगळे माना काढून बघत होते. तेवढ्यात भिमाजी, दोस्तीच्या उमाळ्यानं हो, वाईट काही मनात नाही, मागून ओरडला, "नथूनंच सायेब! अख्ख्या मावळात असा कारागीर न्हाई!"

"टुमने?" साहेबानं विचारलं.

"जी सायब," नथू म्हणाला. "म्याच."

"इसी हाथ से?"

नथूनं उजवा हात किंचित वर धरला. न्हाई म्हना, झुंबर मनात म्हणत होती, देवा, न्हाई म्हनू दे.

"जी," नथू म्हणाला. "ह्याच हातानं."

साहेबाचं हसू थांबलं नाही, पण त्यानं डॉक्टरकडं बघितलं. दोघं बोलले. डॉक्टरनं पुन्हा हात बघितला, खांदे उडवले. गंगाधरपंतांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी काही सांगायला तोंड उघडलं, साहेबानं बोट वर करून गप्प केलं. मग गंगाधरपंतच खालच्या आवाजात म्हणाले, "नथू, साहेब म्हणतात, इतकं बारीक काम करणारा हात फावडं का धरणार नाही? हात धड आहे. उद्यापासून कामावर ये."

झुंबर आत कधी गेली ते तिचं तिलाच कळलं नाही. साहेबाच्या कचेरीत वाडीतली बाई कधी गेली नव्हती. डोक्यावरचा पदर दातात धरून ती टेबलासमोर उभी राहिली.

"सायेब, म्या केलंय ते. ह्यांच्या हातात काय बी न्हाई. समदं म्या केलंय." तिनं दोन्ही हात पुढं केले. डाखानं भाजलेले डाग, कापलेली बोटं, नखांत काजळी.

बाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं. गंगाधरपंतांनी घाईघाईनं इंग्रजीत सांगितलं. साहेबानं नथूकडं बघितलं.

"सच बोलती है?"

अजूनही वेळ होती. एक 'व्हय' म्हणायचं होतं. झुंबर नथूच्या तोंडाकडं बघत होती. नथू बाहेरच्या माणसांकडं बघत होता.

"बाईमानसाचं काय ऐकता सायब," तो म्हणाला. "येडी हाय ती. फाटकाच्या खोलीपायी खोटं बोलतीया."

डॉक्टर तेवढा झुंबरच्या हातांकडं बघत होता. त्याला कळलं असावं. पण बाहेर अजून नऊ जण तपासायचे होते. त्यानं मान फिरवली आणि पुढच्याला हाक मारली. गंगाधरपंतांनी नथूचा जबाब कागदावर उतरवला. इंजिन मी केलं, बायको खोटं बोलते. त्याखाली नथूचा अंगठा घेतला.

परतताना वलवणचा चढ लागला. मग नथूच म्हणाला, "तू आत कशाला आलीस?"

"आपलं फाटक चाललंतं म्हून आले."

"समदी शेड हुबी हुती. काय सांगू? बायकू इंजन करती आन मी बगत बसतो?"

"खरं हाय ते सांगायचं."

"तुला न्हाई कळायचं."

"मला कळलं. तुमी मला येडी म्हनलासा, ते बी कळलं."

नथू वाटेतल्या दगडावर बसला आणि रडायला लागला. झुंबरला इतका राग होता की ती उभीच राहिली. तो उठेपर्यंत उभी राहिली, पण हात दिला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो कामावर गेला. पहिल्याच पाळीला फावडं दोनदा हातातून सुटलं, एकदा तर भट्टीतच गेलं असतं. शेडचा मुकादम म्हणाला, "तीन दिवस बघतो. न्हाई जमलं तर नाव काटतो." नाव कापलं म्हणजे फाटक नाही, नोकरी नाही, काहीच नाही. नथू घरी आला, जेवला नाही, भिंतीकडं तोंड करून पडला. डावा खांदा सुजून आला होता.

झुंबरनं बघितलं. राग होता तसाच होता. पण ती उठली, घासलेटच्या डब्याचा पत्रा काढला, दुहेरी दुमडला, कडा ठोकून गोल केल्या. नथूच्या वळलेल्या मुठीचं माप सुतळीनं घेतलं. त्या मापाचं एक कडं केलं, आतून जुन्या चपलेचं कातडं लावलं, फावड्याचा दांडा जाईल अशी नळी कड्याला डाखानं नि रिवेटांनी पक्की जोडली. नळीला आडवी खिट्टी. खिट्टी घातली की दांडा हातातून सुटायचा नाही. डाव्या हातानं खिट्टी उपसली की मोकळा.

"दर खेपंला खिट्टी काडायची," ती म्हणाली. "इसरायचं न्हाई."

"व्हय," नथू म्हणाला. तिच्याकडं न बघता म्हणाला.

कडं चाललं. तीन दिवस गेले, आठवडा गेला, मुकादम काही बोलेना. भिमाजीनं कडं बघून तोंडभर स्तुती केली. नथूनं ते कुणी केलं ते सांगितलं नाही, आणि झुंबरनं विचारलंही नाही. तळव्याचं कातडं घासून रोज रक्त यायचं. ती रोज तेल-हळद लावायची. दोघांचं बोलणं तेवढंच. पाच-सहा आठवडे असे गेले. तिकडं फाटकावरचा म्हातारा अजून घरी बसला नव्हता, दिवाळीचं पौषावर गेलं होतं. इंदुरीला जाताना झुंबरनं आता वाट वाकडी केली नाही.

चढाला कोळसा एकसारखा लागतो. दर वेळी खिट्टी उपसायची, परत घालायची, कुठं पुरवणार? नथू ती घालूनच ठेवायला लागला. मार्गशीर्षातल्या एका सकाळी, बोगद्याच्या अलीकडच्या वळणावर, इंजिन आणि कोळशाचा डबा यांच्या मधली फट उघडली. वळणावर ती उघडते आणि मिटते, प्रत्येक आगवाल्याला ठाऊक असतं. फावड्याचं पातं त्या फटीत गेलं. दुसऱ्या कुणाच्या हातातलं असतं तर त्यानं सोडून दिलं असतं.

भिमाजी बातमी घेऊन वाडीवर आला तेव्हा त्याच्या सदऱ्यावर रक्त होतं. ओट्याशी उभा राहून तो हुंदके देत सांगत होता, "खिट्टी निघंना वहिनी. म्या वडत हुतो. निघंना." झुंबर ऐकत होती. शालूबाईनं तिला खाली बसवलं, तेव्हा ती बसली.

पुण्याच्या दवाखान्यात हात कोपराच्या वर कापला. माघात नथू घरी आला, निम्म्या वजनाचा. शालूबाईनं त्या दिवशी तांदळाचा भात केला आणि नथूला आधी वाढला.

मग पुन्हा कचेरीतून बोलावणं आलं. गंगाधरपंत आदल्या दिवशी येऊन समजावून गेले. "चौकशी आहे. तू अंगावर भलतीच वस्तू बांधून काम केलंस, म्हणून दोष तुझा, असं साहेबाचं म्हणणं. तसं ठरलं तर काही मिळायचं नाही. पण हात आधीपासूनच निकामी होता आणि तुला चुकून कामावर धाडलं, हे पटलं, तर फाटक अजून मिळू शकतं. म्हातारा जागा सोडतोय. खरं काय ते सांग बाबा आता."

त्याच वळचणीला तेच आगवाले उभे होते. झुंबर त्याच दाराशी थांबली. साहेबाच्या टेबलावर कडं ठेवलेलं होतं, वाकलेलं, आणि कपाटावर इंजिन होतं. धूळ नव्हती त्याच्यावर, कुणीतरी रोज पुसत असावं.

"ये किसने बनाया?" साहेबानं कडं पुढं सरकवलं.

"माज्या बायकुनं, सायब," नथू म्हणाला. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "आन ते इंजन बी तिनंच केलतं. समदी इंजनं तिचीच. म्या निसतं सांगत बसायचो. माजा हात तवाच मेल्ता. म्या खोटं बोललो."

भिमाजीनं खाली बघितलं. गंगाधरपंतांनी सगळं इंग्रजीत सांगितलं, नीट सांगितलं, चार शब्द जास्तच सांगितले. साहेबानं फाइल उघडली, मागची पानं उलटली, एका कागदावर बोट ठेवलं. अंगठ्याची शाई अजून गडद होती. तो शांतपणे बोलला, ओरडला नाही.

गंगाधरपंत नथूकडं न बघता म्हणाले, "साहेब म्हणतात, तेव्हा बायको खोटं बोलते म्हणालास. आज स्वतः खोटं बोललो म्हणतोस. ज्यात तुझा फायदा, ते तू बोलतोस. अंगठा दिलास तेच खरं धरायचं."

"पत्रा द्या," झुंबर दारातून म्हणाली. "कातर द्या. हितंच करून दावते. आत्ता."

गंगाधरपंतांनी तेही सांगितलं. साहेबानं घड्याळ बघितलं आणि नको म्हणून हात हलवला. मग नथूच्या नावावर रेघ मारली आणि फाइल मिटली.

दोघं बाहेर आली. आगवाल्यांनी बाजूला होऊन वाट दिली, आज कुणी हसलं नाही. उन्हं चढली होती. नथू पुढं चालत होता, सदऱ्याची रिकामी बाही वाऱ्यानं फडफडत होती आणि त्याला ती धरता येत नव्हती. झुंबर मागं होती. फाटक गेलं, नोकरी गेली, हात गेला, पडवी तेवढी राहिली. हे सगळं तिला कळत होतं. आणि तरी, 'समदी इंजनं तिचीच' हे तो चौघांत मोठ्यानं बोलला, तेव्हा तिला बरं वाटलं होतं. खोटं कशाला सांगायचं? आतून अगदी गार वाटलं होतं, पाणी प्यायल्यावर वाटतं तसं. त्या बरं वाटण्याची तिला आता इतकी लाज वाटायला लागली की नथूनं वळून हाक मारली तरी तिला त्याच्या तोंडाकडं बघवेना. मान खाली घालून, मधे चार पावलं ठेवून, ती वाडीपर्यंत त्याच्या मागून चालत गेली.